मातीच्या नाकाशी वाटी

माझ्या मामेसासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. समोरचा माणूस जिवंत आहे, यावरही ते पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गावी, मुकुटबनला गेलो आणि दुपारी जेवून आडवा झालो. डोळे उघडले तर नाकापुढे चुन्याच्या निवळीची वाटी आणि वाटीमागे मामांचे बारीक डोळे. "झोपा, झोपा जवाईबुवा," ते म्हणाले, "चालू हाये तुमचं."

चूक माझीच. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आपल्या श्वासासारखा मातीही कर्बवायू सोडते, खत बदललं की तो कमीजास्त होतो आणि त्या वायूने निवळी पांढरी होते, असं मी साखरपुड्याच्या पंगतीत बोलून गेलो होतो. तेव्हापासून मामांच्या शेतात ठिकठिकाणी उपडी घमेली आणि प्रत्येकाखाली निवळीची वाटी. सकाळी वाट्या उजेडात धरायच्या आणि चहाच्या वेळी घरात मातीची तब्येत सांगायची. "शेणखतवाली दमानं श्वास सोडून राह्यली. युरियावाली चार दिवस धापा टाकते न मंग गप." घरातले हसायचे. मीही हसायचो, पण धुक्यात ती घमेल्यांची ओळ दिसली की माझे पाय आपोआप हळू पडायचे.

एक घमेलं बांधाजवळच्या कोपऱ्यात असे. तिथे मामांनी मामींची राख मातीत मिसळली होती. त्या कोपऱ्याला फक्त शेणखत, तेही मामांच्याच हातचं. तिथली वाटी रोज हलकी पांढरी व्हायची. "घोरायची सवय गेली नाही तिची," मामा सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात मला मदतीची हुक्की आली. कपाशीला युरिया देता देता दोन मुठी त्या कोपऱ्यातही फेकल्या गेल्या. लक्षात आलं तोवर पावसाने तो विरघळला होता. मी कुणाजवळ अक्षर काढलं नाही. दुसऱ्या सकाळी वाटी दुधासारखी झालेली. मामा हरखले, "आज लय बोलली!" पण पाचव्या दिवशी निवळी जवळपास नितळ होती. सहाव्या दिवशीही तेच. मामांनी जेवण टाकलं आणि घमेल्याशेजारी बसून राहिले. "गेली," एवढंच म्हणाले. मला खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

ते गावात गेलेले पाहून मी गोठ्यामागचं जुनं शेणखत टोपलीभर आणलं आणि त्या कोपऱ्यात हाताने कालवलं. चौथ्या सकाळी निवळीवर पातळ पांढरी साय आली. मामांनी वाटी उजेडात धरली. मग माझ्याकडे न वळताच म्हणाले, "जवाईबुवा, इथं युरिया नका टाकत जाऊ. तिले धाप लागते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मामांनी घमेलं जपून उपडं घातलं. "कोन सांगन? थेच बोलली. रागावली नाही तुमच्यावर."

त्यांनी युरियाचे दाणे पाहिले असतील, असं मी स्वतःला अनेकदा समजावलं आहे. तरी हल्ली मुकुटबनहून निघताना मी चपला काढून त्या कोपऱ्यापाशी जातो आणि हळूच म्हणतो, "मामी, येतो." घमेलं उचलून पाहायची मात्र हिंमत होत नाही.