भीमराजनं उतारावर सोडलेला ट्रेलर

...आन् पोरी, त्या भीमराजचं तर लिव्हायचंच राहिलं बघ. तळवड्याचा भीमराज, कंपनीचा ट्रेलर चालवायचा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची चिमा बाळंतपणाला अडली. निरोप आला तसा त्यानं भरलेला ट्रेलर उतारावर सोडला आन् नुसती पुढची इंजिनाची गाडी घेऊन घराकडं सुटला.

घर दिसलं आन् त्याला एकदम आठवलं. ट्रेलरचं ब्रेकचं चाक हातानं आवळायचं राहिलं व्हतं, टायरला दगडबी लावला नव्हता. हवेची नळी काढली की ट्रेलरचे ब्रेक आपसूक धरत्यात, पर हवा हळूहळू गळती आन् ब्रेक सुटत्यात. उताराखाली तर हापशावर बायांची रांग!

दारात सासू उभी. "या की आत, जावईबापू!"

"आलोच, मामी," म्हनत त्यानं गाडी वळवली.

"बायकोपरीस लोखंड प्यारं व्हय तुमास्नी?" सासू वरडली.

ट्रेलर जागंवरच व्हता. भीमराजनं चाक आवळलं, दगड ठोकून बसवले, मगच त्याच्या जिवात जीव आला.

परत आला तवर लेक झाली व्हती. चिमा त्वांड फिरवून पडलेली. त्यानं समदं सांगितलं. तशी ती इकडं वळली आन् म्हनली, "त्या रांगंत रोज माझीबी घागर असती की. जावा, हात धुवा, आन् घ्या लेकीला."

आता चाकणला ट्रेलर चालिवतो ना आपला हरिहर, त्याला सांग बाई, नुसत्या हवेवर इसंबून गाडी सोडत जाऊ नगंस म्हनावं.