खुर्चीवरचा टॉवेल

जेवून परत आलो, तर माझ्या खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा टॉवेल गायब. "धुवायला टाकलाय साहेब," आमचे शिपाई गणपतराव म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

खुर्ची हा शब्द मुळात आपला नाहीच. अरबी-फारसीतली 'कुर्सी' दरबाराबरोबर इकडे आली, तीच सिंहासनाचा तोरा घेऊन. आपला तो पाट. जेवण झालं की उचलायचा, भिंतीला उभा करायचा, की संपलं. पाटावरून कुणी कुणाला उठवत नाही. खुर्ची मात्र आली आणि बसता बसता हुद्दाच होऊन बसली. आम्ही सरकारी माणसं तर तिच्यावर टॉवेल टाकतो आणि ती आपलीच समजतो.

माझ्या आधीच्या साहेबांच्या बदलीची ऑर्डर आली, त्याच्या दोन दिवस आधी गणपतरावांनी त्यांचा टॉवेल असाच काढून नेला होता. तेव्हा मी शेजारच्याच टेबलावर होतो आणि मनातून हसलो होतो.

टॉवेल दर सोमवारी धुवायला जातो. आज गुरुवार. घरी मुलीचं दहावीचं वर्ष आहे.

मी खुर्चीत बसलो खरा, पण पाठ टेकवली नाही.