यंदा दात की डोळे
मास्क नीट करत ती म्हणायची, "ह्या देशातच माझं लग्न व्हायला हवं होतं." का गं, असं विचारलं की डोळे मिचकावून सांगायची, "अगं, इथे सगळ्याच बायका तोंडावर हात ठेवून हसतात. मी कोणाच्या लक्षातच येत नाही!"

जपानमध्ये, एदोगावाला, ती आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा आमच्या ह्यांच्याच सॉफ्टवेअर कंपनीत, पुण्याहून तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला. तिचे दात पुढे होते. थोडेथोडके नाहीत, चांगलेच पुढे. ओठ मिटायचा तर जोर लावावा लागे. सासरी तिला 'खवणी' म्हणत, तेही तोंडावर, हाक मारल्यासारखं. अशी घरं तुम्हीही पाहिली असतील. नावं ठेवायची आणि वर सांगायचं, आमच्याकडे सगळे मोकळ्या स्वभावाचे.

वसंतात परागकणांचा त्रास होतो म्हणून इथलं अर्धं शहर मास्क लावतं. हिने एकदा लावला तो काढलाच नाही. मास्कच्या आडून ती असं काही बोलायची की हसून हसून पोट दुखावं. एकदा प्लॅस्टिकच्या कचऱ्यात तिच्याकडून केळ्याची साल गेली. समोरच्या म्हाताऱ्या जपानी बाईंनी ती पिशवी उचलून परत तिच्या दारात आणून ठेवली. ही वाकून वाकून माफी मागून आली आणि मला म्हणाली, "कचरा घरात आणून ठेवणारी सासू पहिल्यांदाच बघितली. आमच्या सासूबाई तर मलाच बाहेर ठेवायला निघाल्या होत्या."

नवऱ्याचा चष्मा जाड भिंगांचा. चार माणसं जमली की त्याचा एक विनोद ठरलेला. "मुलगी बघायला गेलो ना, नेमका त्या दिवशी चष्मा घरी राहिला!" लोक हसत. तीही हसे. मला तेव्हाही त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची, आजही वाटते.

कंपनीने प्रत्येक कुटुंबाच्या नावाने औषधोपचाराचं एक खातं ठेवलं होतं. दात सरळ करणं, चष्म्याचा नंबर घालवणं, असले खर्च त्यातून होत. पण वर्षाला एकच मोठा खर्च, आणि मार्चअखेर जे वापरलं नाही ते बुडे. त्यामुळे फेब्रुवारी उजाडला की आमच्या इमारतीत जो तो आपली दाढ चाचपू लागे.

तिला दातांना तारा बसवून घ्यायच्या होत्या. आयुष्यात दुसरं काही तिने मागितल्याचं मला आठवत नाही. दोन वर्षं तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला. शेवटच्या वर्षी मात्र चारचौघांत बोलून गेला, "यंदा हिचे दात!" ती वर येऊन माझ्या गळ्यात पडली नाही एवढंच, कारण तिला जिना चढण्याइतकाही धीर नव्हता. फोनच केला.

एक अडचण होती. नुसतं दिसायला बरं म्हणून तारा बसवल्या तर खात्यातून पैसे मिळत नसत. चावायला त्रास होतो, असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं. त्रास तर तिला खराच होता. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटत नसे. मी तिच्याकडून जपानी वाक्य पाठ करून घेतलं, "कामु तो इताइ देसु," चावताना दुखतं. आठवडाभर ती भांडी घासताना तेच म्हणत होती.

दवाखान्यातून ती थेट माझ्याकडे आली.

"काय झालं?"

"डॉक्टरांनी विचारलं, चावायला त्रास होतो का. मी म्हणाले, दाइजोबु देसु."

म्हणजे, ठीक आहे, काही त्रास नाही. इथे आलेल्या प्रत्येक बाईने सगळ्यात आधी शिकलेले शब्द. सायकलवरून आपटलो तरी आम्ही तेच म्हणायचो.

मी ओरडलेच. "अगं बये, पाठ केलं होतंस ना!"

"ते माझ्यासमोर वाकले गं. माफ करा, जरा बघतो, असं म्हणाले. माझ्या तोंडाकडे इतक्या आदराने आजवर कोणी बघितलं नव्हतं. त्यांच्यापुढे रडगाणं कसं गाऊ?"

"आणि तुझा नवरा?"

"शेजारीच बसले होते."

"त्याला तर उत्तम जपानी येतं. तो का नाही बोलला?"

तिने मास्क वर ओढला. "म्हणाले, आता शब्द फिरवला तर खोटं वाटेल. आणि मार्च संपत आलाय, खातं फुकट जायला नको."

खातं फुकट गेलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने लेसरने डोळ्यांचा नंबर घालवून घेतला. तिथे महिनाभर आधी वेळ घेतल्याशिवाय कोणी डोळ्याला हात लावत नाही, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

नंतरच्या शनिवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. तो बिनचष्म्याचा आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बायकोकडे बोट करून म्हणाला, "आता कुठे स्वच्छ दिसायला लागलं. केवढी फसवणूक झालीय हो माझी!" घर हसलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. श्रीखंडाचं पातेलं घेऊन उठली, सगळ्यांना वाढत गेली आणि त्याचं ताट तेवढं ओलांडून पुढे सरकली.

कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुण्याला परतले. एकदा फोनवर म्हणाली, "इकडे मास्क लावला तर विचारतात, टीबी झालाय का." मग फोनही कमी होत गेले. काही वर्षांनी डेंग्यूचं निमित्त झालं आणि ती गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

सुट्टीवर आले तेव्हा मी त्याला भेटायला गेले. हॉलमध्ये तिचा मोठा फोटो होता, हार घातलेला. मी बघतच राहिले. साडी तिची, टिकली तिची, डोळे तिचेच. पण ती बाई तोंड भरून हसत होती आणि तिचे दात एका ओळीत, पांढरेशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीतले होते.

"कॉम्प्युटरवर केलं, वहिनी," तो माझ्या मागून म्हणाला. "बरीच मेहनत घेतली. शेवटी करून दिले की नाही तिचे दात?"

मी वळून पाहिलं. तो रडत होता. खरंच रडत होता, हे सांगायला हवं.

"आधीचा फोटो द्या मला," मी म्हणाले. "जसा काढला होता तसा."

"तो कशाला ठेवायचा?" डोळे पुसत तो म्हणाला. "त्याच्यावरच सेव्ह केलं."