रिकामा गेलेला डबा

आमच्या साडूएवढा बिनकामाचा उद्योग मन लावून करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नाही, आणि असलाच तर घरच्यांनी त्याला कोंडून ठेवला असणार. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंची सहा फूट, हात फावड्यासारखे, तरुणपणी तालमीत घुमलेला आणि नंतर चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न करणारा. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो हा करायचा. असला माणूस रिटायर झाल्यावर काय करंल? पानपट्टीवर बसंल, नाहीतर तालमीत जाऊन पोरांच्या चुका काढंल. ह्यानं बिस्किटं भाजायला घेतली. तीही बाजारातल्यासारखी गोल-चौकोनी नाहीत. ज्याची त्याला वेगळी, ज्याच्या त्याच्या स्वभावाची. पत्रा कापून, वाकवून, कानशीनं घासून एकेका माणसाचा साचा करायचा, आणि सण आला की त्या साच्यातून त्या माणसाला काढायचा.

सुरुवातीला त्यानं तेलाच्या पत्र्याच्या डब्यात वाळू घालून गॅसवर भट्टी केली. तिनं स्वयंपाकघराची भिंत काळी केली तेव्हा माझी मेव्हणी आमच्याकडं येऊन रडली. माझ्या बायकोला म्हणाली, "अक्का, लगीन लावलंस कारागिराशी आनी संसार करत्ये बेकरीवाल्याशी." मग कुठली तरी बेकरी बंद पडली, तिथली जुनी भट्टी ह्यानं टेम्पोत घालून आणली आणि मागच्या पडवीत बसवली. मैदा लाटून झाला की त्याची जाडी मोजायला फौंड्रीतला व्हर्नियर घ्यायचा. एकदा मी विचारलं, "अरे, इंजनाचा भाग हाय का त्यो?" तर गंभीर तोंडानं म्हणतो कसा, "दाजी, लोखंड थंड झालं की आवळतं म्हणून नमुना मोठा करायचा. मैदा तापला की पसरतोय म्हणून साचा बारीक करायचा. जल्मभर एक शिकलो, आता उलटं शिकायलोय." फौंड्रीच्या आवाजात उभा जन्म गेल्यामुळं तो साधं बोलला तरी तीन घरांपलीकडं ऐकू जायचं. त्यामुळं मैदा पसरतो ही बातमी सगळ्या गल्लीला झाली.

त्याच्या शेजारी एक बाई राहायच्या. त्यांचा कान कायम दुसऱ्याच्या भिंतीला. दिवाळीला ह्यानं त्यांना मोठा कान भाजून दिला, पाळीसकट. बाईंना वाटलं शंख आहे. त्यांनी तो देवापुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वर सांगत आल्या, "भाऊ, किती सुबक शंख केलाय वो!" साडू तोंड फिरवून पडवीत गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही. बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैलजोडी ठरलेली. एका बैलाची शिंगं हळदीनं पिवळी, दुसऱ्याची बिटानं लाल. एका दिवाळीला गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यासाठी पन्नास मावळे भाजले, ढाल-तलवारीसकट. पोरांनी सकाळी पहारे लावले आणि दुपारी बघतात तर किल्ला मुंग्यांनी जिंकलेला. साडूनं जाऊन पाहणी केली आणि म्हणाला, "फितुरी झाली. तूप जास्त पडलंतं."

माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. रुखवतात सगळ्यांची कापसाची नि मण्यांची कलाकुसर असते, ह्यानं सगळं रुखवत बिस्किटांचं केलं. बैलगाडी, विहीर, विहिरीवर रहाट, जातं, उखळ. लग्न कुरुंदवाडला. कोल्हापुरापासून तिथंवर तो गाडीत ते ताट मांडीवर घेऊन बसला आणि खड्डा आला की ड्रायव्हरला शिव्या द्यायचा. एवढं करून नेलं, टेबलावर मांडलं, आणि अक्षता पडायच्या आधीच नवऱ्या मुलाच्या मामानं चहाबरोबर एक बैल खाल्ला. मुलाकडची माणसं, आता काय बोलायचं? साडू मात्र मामाच्या खांद्यावर हात टाकून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं, बैल तुम्ही खाल्लासा, आता गाडी तुम्हीच वडा!" मांडव हसला, मामाही हसला, आणि माझी बायको पदर तोंडात कोंबून खुर्चीवर बसली ती उठेना.

मला तो दरवर्षी गुळाची ढेप द्यायचा. ढेपेला मिशा. मी गुळव्या. सगळं आयुष्य गुऱ्हाळावर, रस उकळायच्या काहिलीपुढं गेलं. रस किती उकळला, काहील कधी उतरायची, हे बोटाच्या चिमटीत ओळखायचं माझं काम. शाळा चौथीपर्यंत. लिहायची वेळ आली ती ढेपेवर खूण करण्यापुरती. मला ह्या बिस्किटांचा राग यायचा. बाप्या माणसानं मैदा लाटायचा ही काय तऱ्हा? मी तोंडावर बोलायचो, "बांगड्या भर." तो हसायचा आणि पुढच्या सणाला ढेपेच्या मिशा अजून लांब करायचा. मी ते बिस्कीट कधी खाल्लं नाही. म्हणायचो, मी गुळाचा माणूस, मला मैदा चालत नाही.

बायकोला तो चिमणी करायचा. ती खायचीच तेवढं, चिमणीएवढं. शिवाय घरभर तिची टुकटुक. चिमणी हातात आली की ती आधी मोडायची. डोकं नि पोट स्वतः खायची, शेपटी माझ्यापुढं धरायची. "घ्या की, एवढीशी तर हाय." मी मान हलवायचो. ती शेपटी ताटलीत ठेवायची आणि संध्याकाळी कोंबड्यांना टाकायची. किती वर्षं? पंधरा तरी. पंधरा वर्षांत एकदाही मी हात पुढं केला नाही. त्याला कारण काही नव्हतं. नाही म्हणायची सवय लागलेली, दुसरं काय.

आता डब्याचं सांगतो. आमच्यात कुणाकडून डबा आला की तो रिकामा परत देत नाहीत. काही नसलं तर मूठभर शेंगा, चिंचेचा गोळा, निदान साखरेची चिमूट. रिकामा डबा हातात दिला म्हणजे त्या घराशी संपलं. बायको साडूचा डबा कधी चटणी घालून द्यायची, आपली कांदा-लसणाची तिखटजाळ. त्याचा वास डब्याला असा बसायचा की पुढच्या सणाच्या बैलजोडीला लसणाची फोडणी दिल्यासारखी वाटायची. साडू म्हणायचा, "अक्का, बैल झणझणीत झाल्यात." पण डबा कधी रिकामा गेला नाही. एकदाच गेला, तो मी घालवला.

गेल्या वर्षी तिची साखर वाढलेली. पाय सुजलेले, डॉक्टरनं गोड बंद म्हणून बजावलेलं. मी घरातला गूळसुद्धा शेजारी नेऊन ठेवला. गुळव्याच्या घरात गूळ नाही, एवढं केलं. बेंदराच्या दिवशी मी बाजारातनं आलो तर ही कॉटवर बसलेली, समोर साडू, आणि हिच्या हातात चिमणीचा तुकडा. माझं डोकं फिरलं. मी तो तुकडा हिसकावून दारातनं फेकला. साडूला काय काय बोललो ते इथं सांगत नाही. माझ्या बायकोला मारायला आलास, एवढं तरी बोललोच. बैल, ढेप, सगळं कोंबड्यांपुढं ओतलं आणि रिकामा डबा त्याच्या हातात दिला. एवढा आडदांड माणूस, तो डबा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं. मी म्हणालो, "एक शबूद न्हाय. चल." तो गेला. बायको काहीतरी सांगायला लागली, तर तिलाही गप्प केलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढं तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं एका दुपारी म्हणाली, "त्यो डबा रिकामा गेला बगा. भरून द्या." मी म्हणालो, "बघू." नवरात्राच्या आधी ती गेली. बघू म्हणालो तेवढंच राहिलं.

साडू मातीला आला, दिवसाला आला, लांब उभा राहिला. मेलेल्या माणसाच्या घरात वर्षभर सण करत नाहीत, फराळ सोयरेधायरे आणून देतात. तर दिवाळीला सकाळी दार उघडलं तो फाटकाला पिशवी अडकवलेली, पिशवीत डबा. उघडला. आत एकच बिस्कीट, मिशावाली ढेप. फक्त मिशा खाली वळवलेल्या, पडलेल्या. चिमणी नाही. संक्रांतीला तसाच डबा. पाडव्याला तसाच. बेंदराला तसाच, त्यात बैलसुद्धा नाहीत. मिशा दर वेळी पडलेल्याच. चार डबे फळीवर ओळीनं उभे राहिले आणि मी त्यांच्याकडं बघत चहा प्यायचो. परत द्यायचे तर भरून द्यायचे. भरायचं काय? मला चहा सोडून काही करता येत नाही. मुलगी फोनवर म्हणाली, "आप्पा, दुकानातनं पेढं घ्या की." पण ते डबा भरणं नव्हे. घरातलं लागतं.

शेवटी गेल्या महिन्यात मी मैदा आणला. तूप आणलं. गूळ शेजाऱ्याकडून परत आणला, माझाच. म्हटलं, हजार मणाचा रस उतरवला आपण, बिस्किटाचं काय घेऊन बसलाय. कढईत मीठ पसरून वर ताटली ठेवली, हिच्या आमटीच्या वाटीनं गोल पाडले आणि भाजायला ठेवले. गूळ करपला, मैदा कच्चा राहिला. दुसरा घाणा उलट, वरून दगड, आतूनही दगड. एक कुत्र्याला टाकलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं आणि निघून गेलं. तिसऱ्या घाण्याची त्यातल्या त्यात बरी निघाली, ती चारी डब्यांत घातली आणि रिक्षा केली.

साडू पडवीत साचे पुसत बसलेला. मला बघून उठला. मी डबे पुढं केले. म्हणालो, "घे." त्यानं एक डबा उघडला, बिस्कीट उचललं, खिशातनं व्हर्नियर काढून जाडी मोजली. "पाऊण इंच, दाजी," म्हणाला. मग दाताखाली धरलं. दाढेनं प्रयत्न केला, दुसऱ्या बाजूच्या दाढेनं केला. "ह्याचं ट्रकचं ब्रेक लायनर लई झकास व्हईल," म्हणाला, आणि पाठ फिरवून डोळे पुसले. मेव्हणी आतनं पाणी घेऊन आली आणि आम्हाला बघून तशीच परत गेली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "त्या दिवशी तिला साखर चालत न्हाय म्हाईत असून का आणलास?"

"साखर न्हवती त्यात, दाजी. नाचणी आनी जिरं. डॉक्टरला इच्चारून केलंतं. अक्कानं निरोप धाडलावता, बेंदराला चिमणी पायजे म्हणून."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुम्ही बोलू दिलासा कुठं."

त्यानं पुसलेला एक साचा मी उचलला नि परत खाली ठेवला. मग तो म्हणाला, "तरी तिनं सगळी न्हाय खाल्ली. डोस्कं नि पोट खाल्लं. शेपटी धरून बसलीती. म्हणाली, ह्यांची हाय, येतील एवढ्यात."

म्हणजे मी फेकली ती शेपटी माझीच होती.

चिमणीचा साचा अजून आहे का, विचारलं. "हाय की. घासून ठेवलाय. पर करू कुनासाठी?" मी म्हणालो, कर. त्यानं नाचणीचं पीठ मळलं, लाटलं, मोजलं. साचा माझ्या हातात दिला. मी तो तिरका दाबला, चिमणीची चोच वाकडी निघाली. तो म्हणाला, राहू दे, बोलता बोलता वाकडी झाली म्हणायचं. भाजून, गार करून त्यानं ती डब्यात घातली. उरलेल्या पिठाची माझी ढेपही केली होती, भाजायच्या आधी तिच्या मिशा त्यानं सुरीनं सरळ केल्या. वर नाहीत, सरळ. म्हणाला, "वर करायला टाईम लागंल."

घरी येऊन मी चिमणी मोडली. डोकं नि पोट तिच्या फोटोपुढं ठेवलं. शेपटी मी खाल्ली. गोड अजिबात नव्हती. जिऱ्याची चव होती, खुसखुशीत होती, आणि एवढीशी होती, ती म्हणायची तेवढीच. एका घासात संपली.

मग डबा धुतला, पुसला, हातात घेतला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "काय घालू गं ह्यात?"