ग्राऊंडनं दिलेला आकडा

रत्नपालला राग यायला फार काही लागत नाही. चहा गोड झाला तरी येतो. फोन पाण्यात पाडून आणून कुणी "आपोआप बंद पडला" म्हणालं तरी येतो. खटकचिंचोळीच्या बसस्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पुढं काउंटर, मागं पडदा, पडद्यामागं दोन टीव्ही आणि दोन जुनेपाने प्लेस्टेशन. वय एक्केचाळीस, हात सोन्याचा, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

जत्रेला आठ दिवस उरले होते. बेंगळुरूला कंपनीत असलेला शिवप्रसाद सुट्टीवर आला होता. काउंटरला टेकून त्यानं मोबाईलवरची एक यादी वाचायला घेतली, आजवरचे सगळ्यात भारी फुटबॉल गेम, पहिले पंचवीस. रत्नपाल एका फोनची काच बसवत होता. तो गप्प होता, तिथंच शिवप्रसादनं ओळखून थांबायला हवं होतं. पण शहराची हवा लागलेला माणूस, वाचतच सुटला.

"एक नंबरला नवा हाय बगा अण्णा. खेळाडूच्या कपाळावरचा घाम सुदिक दिसतो म्हणं."

रत्नपालनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "घाम बगायचा हाय? मग तूर काढायला ये की आमच्या शेतात! फुकट दाखवतो. अरं, गेम खेळायलास का डॉक्टर हायस घाम तपासायला? त्याला नेट लागतंय, महिन्याला नवी फाईल लागती, आन इथं कुणी शिंकलं की लाईट जाती. ह्या यादीवाल्याला म्हणावं, एकदा खटकचिंचोळीला येऊन खेळून दाखीव!"

"मग तुमच्या मतं एक नंबर कोन्ता?"

"माझं मत कशाला पायजे? जगजाहीर हाय. फिफा अठ्ठ्याण्णव चांगला होता, मान्य. हॉलमदी खेळायची सोय होती त्यात, उदगीरला आयटीआय बुडवून खेळलोय मी. पण बादशहा एकच, दोन हजार सहाचा विनिंग इलेव्हन. कामून? तर त्यात तुला माणूस घडवता येतोय. उंची तुजी, पाय तुजा, पळणं तुजं. बाकीच्यात तू दुसऱ्याला पळवतोस. ह्यात तू सोता पळतोस. ही यादी करणाऱ्याला एवढीही अक्कल न्हाई!"

यात थोडं खरं होतं आणि बरंचसं रत्नपालचं होतं. त्या गेममध्ये सगळ्या संघांचे हक्क नव्हते, म्हणून लिव्हरपूलला 'मर्सीसाईड रेड' आणि चेल्सीला 'लंडन एफसी' असली टोपणनावं होती. जगभरच्या पोरांनी ती बदलून खरी नावं घातली. रत्नपालनंही बदलली, पण त्याला लिव्हरपूलचं काय सोयरसुतक? त्यानं मर्सीसाईडच्या जागी खटकचिंचोळी लिहिलं, लंडनच्या जागी भालकी तालुक्यातलं मेहकर. सासुरवाडी आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची, मेव्हण्यांनी कटकट लावली, म्हणून तिसरा संघ निंबर्ग्याचा. दरवर्षी जत्रेत या तिघांचे सामने शाळेच्या हॉलमध्ये भिंतीवर पडदा लावून व्हायचे, आणि आपलं नाव पाठीवर घेऊन पळणारा बाहुला बघायला म्हातारीकोतारीसुद्धा यायची.

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. कुणाला किती ताकद, किती वेग, हे नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे रत्नपालनं लोकांना विचारून भरले. आता तोंडावर कमी कोण सांगणार? ज्याचा-त्याचा भाचा नव्व्याण्णव. राघोबा सत्तरीचे, जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण टीव्ही त्यांनी दिलेला, म्हणून त्यांची किक नव्व्याण्णव. मेहकरवाल्यांनीही तेच केलं. मारणारा नव्व्याण्णव, अडवणाराही नव्व्याण्णव! तीन दिवस सामने चालले आणि एक गोल झाला नाही. शेवटी लोक कंटाळून पाळण्यात बसायला गेले.

तेव्हापासून रत्नपालनं नियम केला. ग्राऊंड देईल तोच आकडा. सोयाबीन निघालं की एका रविवारी सगळ्यांनी शाळेच्या मैदानात यायचं. लिंबाच्या झाडापासून झेंड्याच्या खांबापर्यंत टेपानं मोजलेलं शंभर मीटर पळायचं, किक मारायची, खडू हातात धरून भिंतीला उडी मारायची. जे होईल ते वहीत. सगळ्यात जोरात पळणाऱ्याला पंच्याण्णव, बाकीचे त्याच्याखाली. "नव्व्याण्णव कुणालाच न्हाई. ते देवाला ठेवा म्हणावं, तर मी देवच मानत न्हाई," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. मोजमापात तो कुणाच्या बापाला ऐकत नाही, असं गावात नाव झालं होतं, आणि त्या नावाचा त्याला भारी अभिमान होता.

यंदा मैदानात वेळ धरायला त्याच्या भावाची पोरगी शिवकन्या आली होती. सतरा वर्षांची, भालकीला पीयूसीला, म्हणजे बारावीला. रोज बस सुटता-सुटता धावत पकडणारी. पोरांचं पळून झालं तशी तिनं फोन काकाच्या हातात दिला. "मी पळू का?" म्हणाली, आणि चप्पल काढून ओढणी कमरेला बांधून पळालीसुद्धा. तेरा पूर्णांक चार सेकंद. पोरं ओरडली, घड्याळ उशिरा दाबलं. ती परत पळाली. तेरा पूर्णांक तीन. गावातला सगळ्यात वेगवान पोरगा विलास, त्याचे तेरा-आठ. बुटात खडा होता म्हणून तोही परत पळाला, तर तेरा-नऊ झाले. रत्नपालनं सगळं सगळ्यांसमोर वहीत लिहिलं.

त्या गेममध्ये बाया नाहीत. त्यानं बुटका, सडपातळ बाहुला घेतला, त्याला त्यातल्या त्यात लांब केस दिले आणि पाठीवर शिवकन्या लिहिलं. त्यानंतर महिनाभर तो गिऱ्हाइकाला ऐकवत होता, "त्या फिफावाल्याला बायांचे संघ आणायला बावीस वर्षं लागली. मी एका दुपारात पोरगी संघात आणली!"

तर शिवप्रसादची यादी अजून अर्धीच झाली होती, तोवर चनमल्लप्पा दुकानात आले. विलासचे वडील, जत्रा कमिटीचे मुख्य, आणि रत्नपालचं दुकान ज्या गाळ्यात आहे त्या गाळ्याचे मालक. बसले, पाणी प्याले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "रत्नपाल, ते पोरीचं नाव काढ संघातनं."

"कामून?"

"भालकीहून पाव्हणे येयलेत यंदा. भिंतीवर एवढं मोठं दिसणार. पोरगी इलासच्या पुढं पळायली म्हणून दिसलं तर लोक हसतील की पोराला. काढवत नसंल तर आकडा तरी कमी कर. इलासच्या खाली ठेव."

रत्नपालच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अप्पा, आकडा मी दिलो का? ग्राऊंडनं दिलंय! अख्ख्या गावासमोर दोनदा पळाली ती. इलास सुदिक दोनदा पळाला. त्याच्या बुटातला खडा मी टाकलो होतो का?"

"अरं, खेळ हाय तो. कशाला मनावर घेतोस?"

"खेळ हाय तर तुमाला एवढं कामून झोंबायलंय? पोरगी म्हणून? का आमच्या भीमनगरची म्हणून? सरळ बोला! किती वर्षं झाली, आमी मागंच पळायचं का? वर्गात मागं, पंगतीत मागं, आता टीव्हीतल्या बाहुल्यानं सुदिक मागं पळायचं? उद्या म्हणाल, बाहुल्याला पाणी वेगळं ठेव! न्हाई जमायचं, अप्पा. जीव गेला तरी आकडा बदलणार न्हाई!"

आवाज बसस्टँडपर्यंत गेला. बसची वाट बघणारी चार माणसं दुकानासमोर गोळा झाली. तेवढ्यात भालकीची बस आली आणि शिवकन्या उतरली. दप्तर खांद्याला, ती काउंटरजवळ येऊन उभी राहिली. काका आपल्यासाठी भांडतोय हे ऐकून पोरीचा चेहरा फुलला होता. तिला बघून रत्नपालला आणखी चेव चढला. त्यानं टेबलावर मूठ आपटली, एक स्क्रू उडाला.

"थांबा की, उगं भांडू नका," शिवप्रसाद म्हणाला. "आधी बगू तरी किती फरक हाय." तो पडदा सारून आत गेला, प्लेस्टेशन लावलं, खटकचिंचोळीचा संघ उघडला. चनमल्लप्पांनी चष्मा घातला आणि वाकून बघितलं. विलास, वेग चौऱ्याण्णव. शिवकन्या, वेग त्र्याण्णव.

चनमल्लप्पांनी परत बघितलं, आणि मोठ्यानं हसले. "आयतु, झालं की! हे तर बरोबरच हाय की रे! इलासच वर हाय. मग तू एवढा बोंबलायलास कामून?"

रत्नपालनंही वाकून आकडा बघितला. खरं सांगायचं तर तो विसरला होता. आकडे भरले त्या दिवशी शिवकन्याच्या नावापुढं पंच्याण्णववर त्याचा अंगठा थांबला होता. मनात आलं, गाळा अप्पांचा, जत्रा अप्पांची, उगाच कशाला. दोनच आकडे तर आहेत, कोण बघतंय? आणि दोन खाली दाबून तो चहाला गेला होता. नंतर शिवकन्या एकदा खेळताना म्हणाली होती, "काका, माझी बाहुली इलासच्या मागंच ऱ्हायली की." तेव्हा त्यानंच तिला झापलं होतं, बटण नीट दाबत जा म्हणून.

शिवकन्या टीव्हीजवळ आली. आकडा बघितला. काकाकडं बघितलं.

"हे कुणी केलं?"

दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागाच नव्हती. संघ साठवलेलं मेमरी कार्ड त्याचं, कुलूप त्याचं, चावी त्याच्या करगोट्याला. "मीच," तो म्हणाला.

"कामून?"

"गाळा अप्पाचा हाय, बाळ. म्हणलं उगं..."

"ए!" चनमल्लप्पा खवळून उठले. "गाळ्याचं नाव मी काडलो का रे कदी? धा वर्षं झाली, एकदा तरी बोल्लो का? माझ्या नावावर कामून खपवायलास?"

आणि ते खरं होतं. पोरीला मागं ठेवा म्हणायला त्यांना लाज वाटली नव्हती, पण गाळ्याचा शब्द त्यांनी कधी काढला नव्हता. तो भुंगा रत्नपालच्याच डोक्यात होता. त्याला आता इतका राग आला होता की कानशिलं तापली, आणि ओरडावं तर समोर कुणी सापडेना.

शिवकन्या रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान त्याला समजूत तरी काढता आली असती. ती शांतपणे म्हणाली, "काका, अप्पा आज मागायला आले. तुमी तर न मागताच देऊन बसलात."

दुकानासमोरची माणसं चुळबुळली. शिवप्रसादनं फोन खिशात घातला.

"दे रे ते," रत्नपाल रिमोटकडं हात करून म्हणाला. "आत्ता बदलतो. अप्पा, तुमाला काय करायचं ते करा."

"पडद्यावर काय दाखवायचं ते कमिटी ठरवंल," चनमल्लप्पा चष्मा खिशात ठेवत म्हणाले, आणि पायऱ्या उतरून निघून गेले. जाताना त्यांचा चेहरा काही बरा नव्हता.

रिमोट रत्नपालच्या हातात आलाच नाही. शिवकन्यानं तो मधल्यामध्ये घेतला होता.

"तुमी नका भरू," ती म्हणाली. "वही काडा. तुमी वाचा, मी भरते."

"दोनच तर आकडे हायत, बाळ."

"दोनच हायत का ते मला काय ठाऊक? पहिल्यापासनं वाचा."

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर रत्नपालनं दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्याच्या मोजमापावर शंका! पण त्यानं मुकाट्यानं ड्रॉवरमधनं वही काढली आणि स्टुलावर बसला. माणसं जातील असं त्याला वाटलं होतं, पण कुणी हललं नाही. उलट उदगीरच्या बसमधनं उतरलेली दोन माणसं आणखी येऊन थांबली.

तो वाचत गेला, ती भरत गेली. गोलकीपर ज्ञानोबा, उडी. त्याचीच किक. शिवशरण, पळणं. प्रत्येक नावाला ती टीव्हीवरचा आकडा वहीशी ताडून बघायची, मगच पुढं. एकही चुकीचा निघाला नाही. तेही त्याला ऐकावं लागलं. गावातल्या एकूण एक माणसाला त्यानं मापात तोललं होतं. मापात खोट केली ती फक्त घरच्या पोरीशी.

विलासचे तेरा-आठ वाचून झाले. पुढचं नाव शिवकन्याचं. रत्नपालनं ते कसंबसं पुटपुटलं आणि तो पान उलटायला लागला.

शिवकन्यानं मान वळवली नाही. तिची नजर टीव्हीवर होती आणि अंगठा बटणावर.

"मोठ्यानं वाचा, काका," ती म्हणाली. "भांडताना ओरडत होतात तसं."