ओव्हाळबाई आणि न सुटणारी जुडी

पवनानगरजवळच्या दोनशिक्षकी शाळेत मी रुजू झाले, तेव्हा माझ्याजवळ नवी कोरी पदविका, रंगीत खडूंचा डबा आणि भरपूर फुशारकी होती. मुख्याध्यापिका शकुंतला ओव्हाळबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारले, "जेवलीस का?" माझे नियुक्तिपत्र त्यांनी पाहिले ते माझी भाकरी संपल्यावर. आज बाई पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्याविषयी या गौरवग्रंथात मोठी मोठी माणसे लिहितील. मी त्यांच्या हाताखाली घडलेली, खरे तर आधी बिघडून मग घडलेली, एक शिक्षिका.

इतर शाळांतले शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेत, बाई पहिली मागून घेत. शंभरपर्यंत अंक घोकून घ्यायची त्यांना अजिबात घाई नसे. चिंचोके मोजताना मूल अडखळले की त्या गप्प बसून वाट पाहत. "अगं, सोपं आहे" हे वाक्य त्यांनी वर्गात कधी उच्चारले नाही. सोपे म्हटलेले आले नाही तर मूल जास्त खचते, असे त्यांचे म्हणणे. बरोबर उत्तर आले तरी त्या "कसं केलंस?" विचारीत. एकदा तपासणीच्या साहेबांसमोरच त्यांनी तसे विचारले आणि मूल गडबडले. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "उत्तर पाठ आहे साहेब, समज यायचीय. येईल." मी मात्र शरमेने खाली मान घातली होती. तेव्हा मला साहेबांची फार भीती वाटे, आणि त्याच भीतीपायी पुढचा घोळ झाला.

दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. त्यात संगीता नावाची अबोल मुलगी होती. बत्तिसातून पाच वजा करायला सांगितले की ती तेहतीस लिही. पाचातून दोन काढायचे, उरलेले तीन मांडायचे आणि शेजारी दशकाचे तीन जसेच्या तसे उतरवायचे. समजावून समजावून मी थकले आणि वर्षअखेरीस शेरा लिहिला, 'आणखी एक वर्ष दुसरीतच बसवावे.'

तिची आई हातातले काम टाकून शाळेत आली. "परत तितंच बसवनार आसाल तर ऱ्हाऊ द्या तिला घरी. शेरडं तरी राखल," ती म्हणाली. संगीता आईच्या पदराआड उभी होती. मी माझ्या शेऱ्यावर ठाम होते.

बाईंनी संगीताला जवळ बसवले. माझ्या कपाटातून दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या आणि दोन सुट्या काड्या आणून तिच्यापुढे ठेवल्या. "यातल्या पाच मला दे बरं." संगीताने दोन सुट्या काड्या दिल्या. मग एका जुडीवर हात ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"अजून तीन दे ना, बाळा."

"जुडी सोडावी लागंल," ती हळूच म्हणाली.

"मग सोड की."

"नव्या बाई रागावत्यात. सोडायची न्हाई म्हनल्या."

साहेबांना साहित्य नीटनेटके दिसावे म्हणून मीच प्रत्येक जुडी चिकटपट्टीने गच्च गुंडाळली होती. संगीता एकदा ती पट्टी उकलू लागली, तेव्हा तिच्या हातावर चापटही मारली होती. पोरीला वजाबाकी कळत होती. जुडी सोडायची नाही, म्हणून वहीतही ती दशक फोडत नव्हती. ती फक्त माझे ऐकत होती!

बाईंनी चिकटपट्टी दातांनी तोडली. काड्या घरंगळल्या. संगीताने तीन उचलून बाईंना दिल्या, उरलेल्या मोजल्या आणि म्हणाली, "सत्तावीस." बाई तिच्या आईला म्हणाल्या, "पोरीला येतंय, ताई. आमच्याच साहित्यात खोट होती. तिला तिसरीत पाठवतेय." माझे नाव त्यांनी घेतले नाही. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सगळ्या जुड्यांच्या पट्ट्या काढून सुतळी बांधत बसलो. मी रडत होते. बाई एवढेच म्हणाल्या, "गाठ सैल मार. बोटं लहान असतात." आजतागायत त्यांच्या तोंडून ही गोष्ट कुणाला कळलेली नाही.

म्हणून ती लिहिण्याची परवानगी मागायला मी परवा टाकव्याला त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "लिही, पण चूक माझी होती असं लिही. तू नवीन होतीस, आणि मी वर्षभर तुझ्या वर्गात डोकावले नाही."

बाई, तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही, आज तो मोडते. चूक माझीच होती. तुम्ही त्या मुलीचे वर्ष वाचवलेत आणि मला शिक्षिका म्हणून उभे केलेत. तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आणि ही चूक कुणाची यावर तुमच्याशी भांडायला मला अजून पुष्कळ वर्षे मिळोत.