वाजवायचं माप

माझ्या बाबांनी अडतीस वर्षं दुसऱ्यांचे टक्सिडो शिवले आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत स्वतः एकदाही घातला नाही. काळा लोकरी कोट, कॉलरीवर रेशमी पट्टी, पँटच्या बाहेरच्या शिवणीवरही तसलीच पट्टी, गळ्याला काळा बो. आमच्या पुढच्या खोलीत असे कोट दांडीवर इतके टांगलेले असायचे की दाराशी आलेला पोस्टमनसुद्धा आवाज खाली आणून बोलायचा. बाबांच्या अंगावर मात्र बारा महिने करडा सदरा, खिशाजवळ टोचलेली सुई आणि गळ्यात टेप.

हे सगळे कोट ऑर्केस्ट्राचे. वाजवणाऱ्यांचा कोट शिवणं हे वेगळंच काम आहे. बाकीचे शिंपी गिऱ्हाइकाला सरळ उभं करतात, हात खाली सोडायला लावतात आणि माप घेतात. बाबा वाद्य घेऊन बोलवायचे. इस्त्रीच्या टेबलाशेजारी माणूस उभा राहिला की म्हणायचे, "हं, वाजवा." तो वाजवायला लागला की हे त्याच्याभोवती टेप घेऊन फिरायचे. व्हायोलिन धरलेला डावा हात किती वर जातो, उजवा किती लांब पसरतो, ते मोजायचे आणि तेवढं कापड काखेत कळी, म्हणजे जोडाचा तुकडा, घालून वाढवायचे. असा कोट वाजवताना अंगावर सुरेख बसतो. पण तोच माणूस हात खाली सोडून उभा राहिला की काखेत कापड गोळा होतं आणि थोरल्या भावाचा कोट धाकट्याने घातल्यासारखा दिसतो. टाळ्या घ्यायला सगळे उभे राहिले की पुढच्या रांगेतली माणसं हसायची. मी लहान असताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबांना त्याचं काही नव्हतं. "उभं राहायला कशाला कोट शिवायचा? उभं तर कोणीही राहतं," म्हणायचे.

लंबूकाका पहिल्या रांगेत व्हायोलिन वाजवायचे. सहा फूट दोन इंच उंची, त्यावर हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पहिला कोट बाबांनी त्यांचाच शिवला होता आणि मापांच्या वहीचं पहिलं पान त्यांचं होतं. आमच्याकडे माप द्यायला येणारा माणूस अर्ध्या तासात जायचा. लंबूकाका सकाळी यायचे ते जेवूनच उठायचे, आणि एवढं जेवून पुन्हा माप घ्यायला लावायचे. बाबांना दुसरा मित्र नव्हता. होऊ शकला असता, पण बाबांनी तशी तसदी घेतली नाही.

बाबा एकसष्ट वर्षांचे असताना लंबूकाका नव्या कोटासाठी आले. बाबांनी कापड गेल्या वेळच्या मापाने कापून तयार ठेवलं होतं, नुसती खात्री करायची होती. लंबूकाका वाजवायला लागले. बाबांनी डाव्या हाताला टेप लावली, काढली, पुन्हा लावली. मी टेबलापाशी बटणं लावत बसले होते. टेप तिसऱ्यांदा लावल्यावर मी मान वर केली.

"काय रे, काही चुकलं का?" लंबूकाकांनी विचारलं.

"नाही. वाजव," बाबा म्हणाले.

हात दोन इंच कमी वर जात होता. ते गेल्यावर बाबांनी मला तेवढंच सांगितलं आणि पुढे तोंडात मिठाची गुळणी धरली. मी म्हटलं, गेल्या वेळच्याच मापाने शिवा. ते ऐकेनात. "मग वाजवताना काखेत कापड लोंबेल. जसा हात, तसा कोट." कापून ठेवलेल्या दोन्ही कळ्या त्यांनी बाजूला ठेवल्या आणि दुसऱ्या लहान बेतल्या. उभ्या जन्मात बाबांचं कामात एकदाच चुकलं, आणि ते माप बरोबर घेतल्यामुळे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटची तालीम असायची, पूर्ण पोशाखात. कुणाचं बटण तुटलं, कुणाची शिवण उसवली तर आम्ही दोघं सुई-दोरा घेऊन मंचाच्या कडेला बसायचो. ऑर्केस्ट्राचे संचालक आत आले. ते हातातल्या बारीक काठीने ताल द्यायचे, म्हणून आम्ही त्यांना घरी काठीवाले म्हणायचो. ते आले की सगळ्यांनी उभं राहायचं असा रिवाज होता. सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेत अकरा कोट काखेत फुगलेले आणि मधोमध एक कोट नीटनेटका, दुकानाच्या काचेत लावतात तसा.

उभ्याने नीट बसतो तो कोट हात वर न जाणाऱ्याचा, हे मला तेव्हा दिसलं. बाबांनीही तेव्हाच पाहिलं असावं, कारण ते उभे राहिले.

काठीवाल्यांनी बारा वर्षं बाबांचे कोट पाहिले होते. त्यांची नजर रांगेवरून फिरत लंबूकाकांवर येऊन थांबली. ते म्हणाले, "जरा व्हायोलिन घ्या बघू. तुम्ही एकटेच."

लंबूकाकांनी व्हायोलिन खांद्याला लावलं. कोपर बरगडीला चिकटलेलं, वाद्य खाली झुकलेलं. एवढी वर्षं वाजवलेले ते हात कसाही ठेवून वाजवू शकले असते, पण आता सगळा ऑर्केस्ट्रा त्यांच्या कोपराकडे बघत होता.

"अजून वर," काठीवाले म्हणाले.

"कोट अडतोय, साहेब."

"असं? मग कोट..."

काढा, हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. कोट काढला असता तर हातही उघडा पडला असता. त्याआधी बाबा मंचावर जाऊन पोचले होते. करड्या सदऱ्यातला माणूस त्या काळ्या कोटांच्या मधोमध कधी गेला नव्हता.

"माझी चूक आहे, साहेब. माझं माप चुकलं. बाहीचा मुंढा लहान कापला गेला."

लंबूकाका बाबांकडे बघत होते. आता ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलंच."

त्यानंतर ऑर्केस्ट्राचं काम दुसऱ्या शिंप्याकडे गेलं. ज्याचं माप चुकतं त्याच्याकडे कोण कोट टाकणार? तीन महिन्यांत लंबूकाकांनाही खुर्ची सोडावी लागली, पण जाताना त्यांनी खापर कोटावर फोडलं. त्या आखूड मुंढ्याने खांदा कायमचा धरला, असं ते भेटेल त्याला सांगायचे. बाबांच्या कानावर ते दहा तोंडांनी आलं. बाबांनी चकार शब्द काढला नाही. शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले. माझा राग मात्र नाकावर होता. एकदा मी म्हटलं, "खरं काय ते जाऊन सांगते सगळ्यांना." बाबा म्हणाले, "त्याच्याकडे हात राहिला नाही. निदान कारण तरी राहू दे." मी दार आपटून आत गेले.

सहा वर्षं लंबूकाका आमच्या घरी आले नाहीत. आणि एका रविवारी सकाळी तो कोट हातावर टाकून दारात उभे राहिले. ऑर्केस्ट्राच्या पन्नासाव्या वर्षाचा कार्यक्रम होता, जुन्या वाजवणाऱ्यांना बोलावलं होतं आणि टक्सिडो घालूनच या असं पत्रात लिहिलं होतं. मी चहा विचारला नाही. वागणं वाईट होतं, पण मुद्दामच विचारला नाही.

"मास्तर, हा वाजवायच्या मापाचा करून देशील?" ते म्हणाले. "जुने सगळे येणार. सगळ्यांचे तुझेच कोट. त्यांच्यात माझा एकट्याचाच नीट बसलेला दिसेल."

बाबांनी मापं घेतली नाहीत. वही काढली आणि गेल्या वेळच्याही आधीचं पान उघडलं. मग कपाटाच्या तळातून एक कागदी पुडी काढली. तेव्हा बाजूला ठेवलेल्या त्या दोन मोठ्या कळ्या त्यांनी सहा वर्षं डांबराच्या गोळीसकट जपून ठेवल्या होत्या. मलाही माहीत नव्हतं.

निघताना लंबूकाका दारात घुटमळले. "तूही ये. माझ्या शेजारची खुर्ची आहे."

"माझ्याकडे कुठे टक्सिडो?"

"शिंपी ना तू?"

स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. बाबांचं मी घेतलं. "हात खाली सोडू?" त्यांनी विचारलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात सुई आणि काज करायला एक कोट दिला आणि म्हटलं, "हं, शिवा." पाठीला बाक, मान पुढे, कोपरं बाहेर. त्याच मापाने मी कोट शिवला. उभे राहिल्यावर तो पाठीवर असा फुगला की बाबा आरशात बघून कितीतरी वेळ हसत होते. सहा वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि मी बो बांधायच्या निमित्ताने खाली बघितलं.

कार्यक्रम झाल्यावर बाहेरच्या दालनात सगळे जुने जमले, बाबांबरोबर मीही होते. सगळ्यांचे कोट काखेत फुगलेले. ते एकमेकांना त्यावरूनच ओळखत होते. काठीवालेही होते, तेही आता निवृत्त. त्यांनी लंबूकाकांचा कोट पाहिला, मग बाबांकडे वळून चेष्टेने म्हणाले, "काय मास्तर, आता माप जमलं वाटतं."

माणूस वाईट नव्हता, सहज बोलून गेला. पण बाबांचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार होते.

"माप तेव्हाही बरोबर होतं, साहेब," लंबूकाका म्हणाले. आवाज चढा नव्हता, तरी आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. "हात माझा गेला होता. यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं. सहा वर्षं."

लंबूकाकांनी हातातला कप खिडकीत ठेवला आणि व्हायोलिन धरावं तसा डावा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी जोर लावला. चेहरा लाल झाला. हात तिथून पुढे सरकला नाही.

"बघा," ते म्हणाले.

बाबा पुढे झाले. त्यांनी मित्राचं कोपर तळहातावर घेतलं आणि हलकेच खाली आणलं.

"पुरे रे," बाबा म्हणाले. "शिवण ताणतेय."

मी शेजारीच उभी होते. शिवण कुठेही ताणत नव्हती. कळीत अजून चार बोटं कापड मोकळं होतं.